देहूची तसबीर

चिंचवडगांवांत मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर आमच्या एका आत्याबाईंचें बिऱ्हाड आहे. पूर्वीं तेथें वाडा होता; आतां त्याच जागीं पांच मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आत्याबाईंच्या तीन खोल्या. वाडा पडला तेव्हां पाटे-वरवंटे, तांब्याचे हंडे, शिसवी पलंग असें पुष्कळ कांहीं कवडीमोलानें गेलें. पण देवघराच्या भिंतीवरील तुकोबारायांची तसबीर आत्याबाईंनीं स्वतः मांडीवर घेऊन भाड्याच्या जागेंत नेली, आणि इमारत उभी राहिल्यावर तशीच मांडीवर घेऊन परत आणली. गेल्या पावसाळ्यांत त्या भिंतीस ओल धरली. मागचा पुठ्ठा कुजला, खिळा सुटला, आणि एके सकाळीं तसबीर खालीं आली. कांचेचा चुरा झाला व आंतील कागद कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला.

आत्याबाई अठ्ठ्याऐंशीच्या घरांत आहेत. गुडघे चालत नाहींत. दृष्टि मात्र स्वच्छ आहे आणि जीभ त्याहून स्वच्छ. त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें व फाटका कागद पुढें ठेवून सांगितलें, "देहूस जा आणि अशीच तसबीर आण. अशीच. दुसरी चालावयाची नाहीं."

आम्ही बरें म्हटलें खरें, पण मनांतून पेंचांत पडलों. कारण त्या कागदावरील पुरुष तुकोबाराय नव्हते, हें आम्हांस ठाऊक होतें. ते विष्णुपंत पागनीस होते.

ज्यांनीं प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट पाहिला आहे, त्यांस अधिक सांगणें नको. ज्यांनीं पाहिला नाहीं, आणि आजच्या तरुण वाचकांत बहुधा तेच अधिक असतील, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. प्रभात कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरास निघाली व १९३३ सालीं पुण्यास आली. तिच्या जागेवर १९६० पासून सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था आहे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल या जोडीनें १९३६ सालीं तुकोबांचें चरित्र पडद्यावर आणलें. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचें. मुंबईस तो बोलपट वर्षाहूनही अधिक काळ एकसारखा चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत जगांतील तीन उत्कृष्ट बोलपटांत त्याची गणना झाली.

आणि या बोलपटांतील तुकाराम कोण? तर चिकोडीस १८९२ सालीं जन्मलेले, उमेदीच्या वर्षांत स्वदेश हितचिंतक नाटक मंडळींत लुगडें नेसून नायिकांचीं कामें केलेले एक गृहस्थ! स्त्रीभूमिकेंत ज्याचें तारुण्य गेलें, त्याच्या अंगीं देहूचा वाणी उभा राहील असें कोणास वाटलें असतें? पण पडदा उजळतो आणि प्रश्न उरत नाहीं. पागनीस अभिनय करीत आहेत असें क्षणभरही वाटत नाहीं. डोळे अर्धे मिटलेले, हातीं वीणा, आणि आवाज असा कीं समोरच्या श्रोत्यांस ऐकविण्याचा त्यांत यत्किंचितही प्रयत्न नाहीं. एकट्या बसलेल्या माणसानें कोणाशीं तरी हळू बोलावें तसें तें गाणें. त्यांच्यासमोर गौरी या नटीची जिजाई! आजारी पोराला घेऊन ती देवळांत शिरते आणि पायांतली वहाण हातांत घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. ही बाई इतकी मातीची आहे म्हणूनच तो पुरुष इतका आभाळाचा वाटतो, असें आमचें मत आहे.

त्या वेळीं पागनीस चव्वेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे प्रत्यक्ष तुकोबा बेचाळिशीच्या सुमारास वैकुंठास गेले, त्याच वयाच्या आसपास. पुढें त्यांस संतांवांचून दुसरें काम जवळजवळ मिळालेंच नाहीं: १९३९ सालीं तुळसीदास, १९४० सालीं नरसी मेहता. आणि १९४३ च्या ऑक्टोबरांत, पन्नाशी नुकती ओलांडली असतां, ते वारले. 'संत तुकारामा'पासून मोजलें तर कीर्ति सात वर्षांची. त्या सात वर्षांची मिळकत म्हणजे एक चेहरा. आणि तोही त्यांच्या नांवावर राहिला नाहीं.

तुकोबांच्या हयातींत काढलेलें त्यांचें एकही विश्वसनीय चित्र आपणांपाशीं नाहीं. त्यांचा शब्द आहे. १८६९ सालीं सरकारी खर्चानें गाथा छापली गेली तेव्हांपासून तर तो घरोघर पोंचला. पण शब्द बोलणारा दिसतो कसा, हें सांगणारें कोणी नव्हतें. ती रिकामी जागा पागनीसांनीं भरली. बोलपटांतील त्यांचें रूप छापखान्यांत गेलें, छापखान्यांतून जत्रेंत, जत्रेंतून देवघरांत. याच बोलपटांत बीज व वृक्ष यांच्या रूपकाचें एक पद आहे. तें शांताराम आठवल्यांनीं रचलें. पण तें गाथेंतीलच असें अनेकांस आजही वाटतें. गीतकाराचें पद जेथें अभंग झालें, तेथें नटाचा चेहरा संताचा झाला यांत नवल तें काय?

आमची अडचण निराळी होती. पंचवीस-एक वर्षांपूर्वीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत हा बोलपट आम्हीं प्रथम पाहिला, आणि घरीं येऊन आत्याबाईंच्या तसबिरीस हात जोडतांना ते हात अर्ध्यावरच राहिले. तेव्हांपासून त्यांच्या देवघरांत आम्ही नमस्कार करतों तो थोडा चोरूनच. शिकलेल्या माणसाचा हा अहंकार आहे, हें कळतें. पण कळून वळत नाहीं. आतां तीच तसबीर हुडकून आणावयाची, तीही एका वृद्ध स्त्रीच्या श्रद्धेसाठीं, आणि आपणांस ठाऊक असलेलें तिला सांगावयाचें नाहीं? कीं सांगावयाचें? हा विचार घेऊनच आम्ही एका शनिवारीं सकाळीं निघालों.

चिंचवड आणि देहू यांचें नातें आजचें नव्हे. चिंचवडच्या चिंतामणि देवांनीं तुकोबांस भोजनास बोलाविलें, तेव्हां तुकोबांनीं गणपति व पांडुरंग यांच्यासाठीं दोन पानें अधिक मांडावयास लाविलीं व दोघेही देव येऊन जेवून गेले, अशी हकीकत महीपतिबुवांनीं सांगितली आहे. तेव्हांची ही वाट शेताशिवारांतून गेली असेल. आतां ती कारखान्यांमधून जाते. पागनीस वारले तेव्हां पिंपरी-चिंचवड हीं लहान गांवेंच होतीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. मागोमाग मोटारींचे, दुचाक्यांचे, यंत्रांचे कारखाने आले. १९७० सालीं नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. या शहरानें आपल्या नाट्यगृहांस नांवें दिलीं आहेत: पिंपरीस आचार्य अत्र्यांचें, चिंचवडास प्राध्यापक रामकृष्ण मोऱ्यांचें. येथें पाटीवर नांव राहतें. पागनीसांच्या वांट्यास नेमकें उलट आलें.

निगडीस आम्ही मुद्दाम उतरलों. तेथें 'भक्ति-शक्ति' या नांवाचें मोठें शिल्प आहे. शिवाजी महाराज व तुकोबा यांची भेट त्यांत दाखविली आहे. वाहनांच्या गोंगाटांत उभे राहून आम्हीं तुकोबांचा चेहरा निरखला, आणि आमच्या डोळ्यांस त्यांतही पागनीसांचीच छाया दिसली. कदाचित् त्या दिवशीं आम्हांस सर्वत्र तेंच दिसत असावें. बोलपटांत एक प्रसंग आहे: कीर्तनास आलेल्या महाराजांस धरण्यासाठीं शत्रूचे शिपाई येतात, आणि विठ्ठल श्रोत्यांपैकीं प्रत्येकास शिवाजीचें रूप देतो, शिपाई कोणाला धरणार? आमची अवस्था त्या शिपायांसारखी झाली होती.

तेथून देहूरोड. लष्करी साठ्याचें हें ठिकाण तुकोबांच्या नांवावर चालतें, पण येथील खरें तीर्थ निराळें आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं येथील विहारांत बुद्धमूर्तीची स्थापना केली. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या त्या महापुरुषाचाही खरा चेहरा कोणीं पाहिला आहे? कोणा एका शिल्पकारानें कोठेंतरी प्रथम तो घडविला, आणि त्याचेंही नांव गेलें. असो. फांटा फुटला.

देहूस पोंचलों तेव्हां दहा वाजले होते. देवळांत विठ्ठल-रखुमाईचें दर्शन घेतलें. ज्या शिळेवर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावांचून बसले असें सांगतात, तिच्या नव्या मंदिराचें लोकार्पण जून २०२२ मध्यें पंतप्रधानांच्या हस्तें झालें. नदीकांठीं गाथामंदिर आहे. संगमरवरावर कोरलेल्या अभंगांनीं त्याच्या भिंती भरल्या आहेत. पुढें वैकुंठगमनाचें स्थान आणि तेथील नांदुरकीचा वृक्ष. तुकाराम-बीजेच्या दिवशीं मध्यान्हीं तो हालतो अशी श्रद्धा असून त्या क्षणासाठीं लाखों माणसें उन्हांत उभीं राहतात. आम्ही गेलों तेव्हां त्याच्या सावलींत एक शेतकरी जोडपें भाकरी सोडून बसलें होतें. इंद्रायणीचें वर्णन करण्याचा मोह आम्ही टाळतों. वरच्या-खालच्या वस्त्यांचें व कारखान्यांचें पाणी पिऊन ही नदी पुढें आळंदीस जाते, तेथें अनेकदां तिच्यावर पांढरा फेस तरंगतो. वह्या बुडाल्या त्या डोहाचें पाणी आज ओंजळींत घेण्यापूर्वीं माणूस विचार करतो.

मग दुकानें. टाळ, तुळशीच्या माळा, बुक्का, पेढे आणि तसबिरी! तसबिरींस तोटा नव्हता. पण आमची तसबीर कोठेंच नव्हती. आतांच्या चित्रांतील तुकोबा गोरेपान, मागें सोन्याचें तेजोवलय, आणि दंड असे भरदार कीं चित्रकारानें त्यांस सहा महिने तालमींत धाडलें होतें कीं काय अशी शंका यावी. ज्या पुरुषाच्या घरीं दुष्काळांत अन्न अन्न करीत माणूस मेलें, त्याचें हें रूप! आम्हीं फाटका कागद पुढें केला. पहिला दुकानदार म्हणाला, "हे जुने महाराज. आतां हे येत नाहींत." दुसऱ्यानें नव्या बोलपटाचें चित्र दाखविलें. २०१२ सालीं निघालेल्या 'तुकाराम'मध्यें जितेंद्र जोशी यांनीं ती भूमिका केली आहे, आणि चांगली केली आहे. पण आत्याबाईंस तें चित्र नेऊन देण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें. तिसऱ्या दुकानांतील म्हातारबोवांनीं कागद उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला व म्हणाले, "चाकणला जावा. बाजारांत जुना फ्रेमवाला हाय. त्याच्याकडं बघितल्यासारखं वाटतंय."

'जुने महाराज' हा शब्द आमच्या मनांत घोळत राहिला. चेहऱ्यासही वय असतें तर! हा चेहराही आतां देहूंतून जाऊं लागला आहे. पागनीस एकदां १९४३ सालीं गेले, आणि आतां दुसऱ्यांदा जात आहेत.

देहूहून इंद्रायणी ओलांडून गेलें म्हणजे भंडाऱ्याचा डोंगर लागतो. घोरावडेश्वर, भंडारा व भामचंद्र हे तीन डोंगर तुकोबांच्या एकांताचे. भंडाऱ्याच्या माथ्यावरून पाहिलें तर एके काळीं रान दिसत असेल. आज निळ्या-पांढऱ्या पत्र्यांचीं छपरें क्षितिजापर्यंत गेलीं आहेत. पायथ्याशीं सुदुंबरें गांवीं संताजी जगनाड्यांची समाधि आहे. संताजी मूळचे चाकणचे, व्यवसायानें तेली, आणि तुकोबांचे लेखक. अभंग बोलावे तुकोबांनीं व उतरून घ्यावे संताजींनीं. त्यांच्या मृत्यूनंतर देहावर माती पुरेना, तेव्हां वैकुंठाहून तुकोबा स्वतः आले व त्यांनीं मूठभर माती टाकली, अशी कथा तेथें सांगतात. दुसऱ्याचा शब्द टिकविण्यांत ज्यानें आयुष्य घातलें, त्यास एवढें तरी मिळालें. समाधीपुढें आम्ही बराच वेळ बसलों. त्या दिवशींचा पहिला पुरा नमस्कार आमच्या हातून तेथें घडला.

चाकण म्हणजे शाळेंत शिकलेला संग्रामदुर्ग. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध पन्नासांवर दिवस तो झुंजविला. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आणि आतां चाकण म्हणजे देशी-परदेशी मोटारींचे कारखाने, व त्यांच्या मालमोटारींनीं तुंबलेला रस्ता. चौकांत पाऊण तास उभे राहून आम्ही एकदांचे बाजारांत शिरलों.

फ्रेमवाल्याचें दुकान अरुंद होतें. माणूस साठीच्या आंतला, गळ्यांत माळ. भिंतीस टेकवून ठेवलेल्या चौकटींत कोणा कामगाराचें कंपनीनें दिलेलें प्रशस्तिपत्र, नव्या सदनिकेच्या वास्तुपूजेचें छायाचित्र, छठपूजेस बसलेलें एक बिहारी कुटुंब, आणि तीन-चार मृतांचीं छायाचित्रें. हें त्याचें आजचें गिऱ्हाईक. आणि गल्ल्याच्या वर, उदबत्तीच्या धुरानें पिवळी पडलेली, आमची तसबीर! तेच अर्धे मिटलेले डोळे. आम्ही अक्षरशः खुर्चीवरून उठलों.

"विकायची नाय," तो म्हणाला. "वडिलांनी लावलीया."

आम्हीं सारी हकीकत सांगितली. त्याला आत्याबाईंची दया आली असावी. त्यानें तसबीर उतरविली, मागचे खिळे काढले, कागद मोकळा करून उजेडांत धरला व आम्हांस मोबाइलवर त्याचें छायाचित्र घेऊं दिलें. पलीकडच्याच दुकानांत तें छापून मिळेल व चौकट तो स्वतः करून देईल, असें ठरलें. काम चाललें असतां आम्हांस राहवेना. आम्ही म्हणालों, "हे पागनीस आहेत. नट. सिनेमांतले."

त्यानें चेहऱ्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. "असंल," तो म्हणाला, आणि पुन्हां लांकूड कापूं लागला. थोड्या वेळानें हात न थांबवतांच म्हणाला, "लई चांगला माणूस असंल मग."

मजुरीचे पैसे त्यानें घेतले. छायाचित्र घेऊं दिल्याचे कांहीं घेतले नाहींत.

चिंचवडास परत यावयास संध्याकाळ झाली. आत्याबाईंनीं तसबीर मांडीवर घेतली, पदरानें कांच पुसली, बराच वेळ पाहिली. छपाई थोडी काळपट आली होती. त्यांनीं तें बोलून दाखविलें. सांगावें कीं न सांगावें हा आमचा प्रश्न अद्याप सुटलेला नव्हता, आणि उगीच कांहींतरी बोलावें म्हणून आम्ही म्हणालों, "चाकणच्या त्या गृहस्थाला नांवसुद्धां ठाऊक नव्हतें."

"कोणाचें? पागनिसांचें?"

आम्ही गप्प. आत्याबाई आमच्याकडे पाहूं लागल्या, आणि त्यांच्या ध्यानांत सर्व आलें. "तुला काय वाटलें, मला ठाऊक नाहीं? ही तसबीर आईची. आई आणि नाना पुण्यास जाऊन दोनदां तो सिनेमा पाहून आलीं, मग नानांनीं ही तसबीर आणली. मी पांच वर्षांची होतें तेव्हां पागनीस वारले. नानांनीं वर्तमानपत्र वाचून दाखविलें. आई रोज तसबिरीला हार घालीत असे, तो तिनें आठ दिवस घातला नाहीं. नानांनीं विचारलें, तर म्हणाली, हार घातला कीं माणूस गेल्यासारखें दिसतें, आणि हे तर तुकोबा आहेत."

"आणि आठ दिवसांनीं?"

"आठ दिवसांनीं घातला."

"कोणाला?"

आत्याबाईंनीं थोडा वेळ उत्तर दिलें नाहीं. "तें मीं आईला कधीं विचारलें नाहीं," त्या म्हणाल्या. "आणि तूंही मला विचारूं नकोस. खुर्ची घे. भिंत सुकली आहे, पण जुना खिळा ढिला आहे. वीतभर उजवीकडे नवा ठोक. आणि खालीं उतरलास म्हणजे नीट नमस्कार कर. पंचवीस वर्षें बघतें आहें मी."